करवतीला बोट कसे कळते, आणि ते कळते याची खात्री कोणी द्यायची?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर-नांदेड रस्त्यालगत माझे फर्निचरचे छोटे दुकान आहे आणि माझ्यासह पाच माणसे तेथे काम करतात. प्लाय चिरण्यासाठी आमच्याकडे तोच जुगाड आहे जो आपल्या भागातील बहुतेक दुकानांत दिसतो: हातातला चार इंची कटर उलटा करून टेबलाखाली आवळलेला, पाते फटीतून वर आलेले आणि चालू-बंद करायला भिंतीवरचा बोर्ड. मागच्या महिन्यात सनमायकाची दोन बोटे रुंदीची पट्टी काढताना एका कारागिराची डावी तर्जनी पात्याला लागली. अर्धे नख गेले, टाके पडले, हाड मात्र वाचले. त्याने हात मागे घेतला तरी पाते फिरतच होते, कारण बोर्ड त्याच्यापासून चार पावलांवर होता आणि बटण बंद करायला मलाच धावावे लागले.

त्यानंतर मी नवे यंत्र पाहायला संभाजीनगरला गेलो. एका विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले की, "यात सेन्सर आहे, हात लागला की यंत्र बंद." सोबत नेलेल्या इलेक्ट्रिशियनने झाकण उघडून पाहिले, तेव्हा तो सेन्सर म्हणजे हिरव्या-लाल बटणाचा साधा स्विच निघाला. लाईट गेली की तो सुटतो आणि लाईट परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होत नाही. दिवसातून चार वेळा लाईट जाणाऱ्या आपल्या भागात ही सोय मोलाची आहे हे मान्य, पण तिला बोट कळत नाही.

कातडी ओळखून थांबणारी करवत परदेशात आहे, असे ऐकले आहे. ती बोट आणि लाकूड यांत फरक कसा करते, आणि "ओळखते" या दाव्यावर शिक्का कोण व कशाच्या आधारे मारतो, हे जाणकारांनी उलगडून सांगावे. बाभूळ आणि कडुनिंबाचे ओलसर लाकूडही आमच्याकडे येते, तेही लक्षात घ्यावे.

ओहमचा नियम

तुमच्या खिशातल्या टेस्टरपासून सुरुवात करतो, कारण उत्तर बरेचसे त्यातच आहे. रबरी चप्पल घालून, लाकडी स्टुलावर उभे राहून टेस्टर फेजला लावला आणि त्याच्या टोपीवर बोट ठेवले, तरी आतला दिवा मिणमिणतो. शरीर जमिनीला जोडलेले नसतानाही थोडा प्रवाह वाहतो, कारण आपले शरीर आणि आजूबाजूची जमीन, भिंती हे मिळून एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी जोडी, तयार होते. इलेक्ट्रॉनिक भाग स्थिर विजेला किती टिकतात हे तपासताना मानवी शरीराऐवजी १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर धरतात. त्यावरून आकड्याची कल्पना यावी.

घरच्या ५० हर्ट्झच्या विजेला हा कपॅसिटर सुमारे तीन कोटी ओहमचा अडथळा करतो, म्हणून टेस्टरचा दिवा जेमतेम लागतो. तोच सिग्नल सेकंदाला दोन लाख आवर्तनांचा धरला, तर अडथळा आठ हजार ओहमपर्यंत खाली येतो. म्हणजे जलद आवर्तनांच्या सिग्नलसाठी माणूस हा चांगला मोठा खड्डा आहे. जवळ आला की थोडे पाणी त्यात जाणारच.

सॉस्टॉप या अमेरिकी यंत्रात नेमके हेच वापरले आहे. स्टीव्ह गॅस नावाच्या, भौतिकशास्त्रात पीएचडी असलेल्या पेटंट वकिलाने १९९९ च्या सुमारास ही कल्पना मांडली आणि २००४ मध्ये अशी पहिली यंत्रे ग्राहकांच्या हातात पडली. पाते ज्या दांड्यावर बसते तो दांडा बेअरिंगजवळ प्लास्टिकच्या बुशांनी उरलेल्या यंत्रापासून विजेच्या दृष्टीने अलग केलेला असतो. मग जवळच्या एका धातूच्या पत्र्यातून, कोणतीही तार न जोडता, पात्यावर बारीकसा सिग्नल चढवला जातो आणि दुसऱ्या पत्र्याने तो परत मोजला जातो. पात्याला कोणी शिवले नाही तोवर मोजलेला सिग्नल एका पातळीवर राहतो. बोट लागले की त्यातला काही भाग शरीराकडे जातो, पातळी एकदम घसरते आणि इलेक्ट्रॉनिक्स तेवढ्यावरच निर्णय घेते. रबरी चप्पल असो वा अनवाणी पाय, फार फरक पडत नाही, कारण प्रवाह जमिनीत जावाच लागतो असे नाही. शरीर स्वतःच तो काही काळ साठवते.

तुमच्या मोबाईलचा पडदा बोटाने चालतो आणि कोरड्या काडीने चालत नाही, त्यामागेही तोच स्वभाव आहे.

गल्लीतला_वायरमन

मंडळी, एवढे सगळे कशाला? ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा म्हणजे काम झाले.

ओहमचा नियम

नाही साहेब, येथे गल्लत होत आहे. ईएलसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांतला फरक मोजतो आणि विजेचा धक्का बसू नये म्हणून पुरवठा तोडतो. नीट बसवलेल्या करवतीच्या पात्यात वीज नसतेच, त्यामुळे बोट कापले जात असताना ईएलसीबीला काहीही कळत नाही. शिवाय पुरवठा तुटला तरी पाते स्वतःच्या वेगाने कित्येक सेकंद फिरत राहते. ईएलसीबी अवश्य बसवावा, पण तो वेगळ्या आजाराचे औषध आहे.

रंधा-पटाशी

चाळीस वर्षे सुतारकाम केले. किनवटचा साग चिरला, बैलगाडीसाठी बाभूळ चिरली आणि मोहरमसाठी ताबूताचे सांगाडेही बांधले. विजेचे गणित मला कळत नाही, पण लाकूड कळते. पावसाळ्यात आडव्या रचलेल्या फळीला हात लावला तर ती गार लागते, कारण आत पाणी असते. मग हे यंत्र ओल्या फळीलाच बोट समजून अडकणार नाही का? आणि फळीत जुना खिळा निघाला तर? दुसरे असे की, आमच्याकडची पोरे हातमोजे घालतात; मोजा घातलेला हात त्याला कसा कळणार?

ओहमचा नियम

काका, प्रश्न अगदी नेमके आहेत आणि या यंत्राची खरी कसोटी तेथेच लागते. सुके लाकूड विजेला फारसे वाट देत नाही, म्हणून पात्यावरचा सिग्नल थोडासाच आणि सावकाश हलतो. बोट लागले की तो जास्त आणि झटकन घसरतो. यंत्र किती घसरला आणि किती वेगाने घसरला, या दोन्ही गोष्टी पाहून निवाडा करते. लाकूड फार ओले असेल, तर हा फरक पुसट होतो आणि यंत्र फसून थांबू शकते; अॅल्युमिनियम किंवा धातूचा मुलामा दिलेली चादर कापली तर ते हमखास थांबते. म्हणूनच अशा कामासाठी किल्लीने संरक्षण तात्पुरते बंद करण्याची सोय दिलेली असते, आणि ती बंद असताना ती करवत इतर कोणत्याही करवतीसारखीच असते, हे विसरता कामा नये. सुट्या बारीक खिळ्याने यंत्र थांबेलच असे नाही, कारण एवढ्याशा लोखंडाची साठवण्याची ताकद नगण्य असते; पण तो खिळा तुमच्या हाताला किंवा टेबलाला टेकलेला असेल तर थांबेल.

हातमोज्याबद्दल: कोरडे कापड किंवा रबर पात्याने कापले जाते, तोवर यंत्राला काही कळत नाही, कातडीला दात लागला की मग कळते. पण मोज्याचा धोका त्याहून मोठा आहे. फिरत्या पात्याच्या दातात धागा अडकला की तो पूर्ण हात आत ओढतो. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून पाते वर येणाऱ्या करवतीवर, मोजे घालू नयेत, हा नियम संरक्षण यंत्रणा असो वा नसो, सारखाच लागू आहे.

वाळूजकर

मी वाळूज एमआयडीसीत यंत्रांची देखभाल करतो, त्यामुळे ओळख पटल्यावर पुढे काय होते ते सांगतो. सॉस्टॉपमध्ये पात्यापासून साधारण ३ मि.मी. अंतरावर अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, मागे दाबून ठेवलेली ताकदवान स्प्रिंग असते आणि ती स्प्रिंग एका बारीक तारेने धरून ठेवलेली असते. उंदराच्या सापळ्यासारखीच रचना, फक्त खिटीच्या जागी तार. बोटाची खात्री झाली की आधीच भरून ठेवलेला कपॅसिटर त्या तारेत एकदम रिकामा होतो, तार वितळते, स्प्रिंग सुटते आणि ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. कपॅसिटर आधीच भरलेला असल्यामुळे त्या क्षणी लाईट खालीवर झाली तरी तार वितळतेच. पाते ५ मिलिसेकंदांच्या आत थांबते, आणि फिरण्याची जी ऊर्जा ठोकळ्यात अडकते तीच पात्याला टेबलाखाली खेचते.

५ मिलिसेकंद हा आकडा कानाला फार लहान वाटतो, म्हणून हिशेब करून पाहा. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड सेकंदाला ५३ मीटर जाते. ४० दातांच्या पात्याचे सेकंदाला २,६०० हून अधिक दात एका बिंदूवरून जातात. वेग कमी झाला नसता तर ५ मिलिसेकंदांत तेरा दात बोटावरून गेले असते. फळी सेकंदाला १० सेंटिमीटर पुढे ढकलत असताना बोट लागले, तर या अवधीत ते अर्धा मि.मी. आत जाते, एवढ्याने ओरखडा येतो, बोट जात नाही.

याची किंमतही आहे. एकदा ठोकळा सुटला की तो भाग आणि बहुधा पातेही फेकून द्यावे लागते. नुसता तो भागच सुमारे १०० डॉलरला पडतो. खोट्या इशाऱ्याने सुटला तरी खर्च तोच. म्हणून बॉशने रिअॅक्स नावाच्या यंत्रात गाडीच्या एअरबॅगप्रमाणे वायूच्या नळकांड्याने पाते खाली पाडण्याची युक्ती केली, तिच्यात पाते वाचते. पण सॉस्टॉपने पेटंटचा दावा केला आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ते यंत्र अमेरिकेत आयात करण्यास मनाई केली. फेल्डर या ऑस्ट्रियन कंपनीची पीसीएस यंत्रणा २०१९ मध्ये आली. ती हात स्पर्श करण्याआधीच जवळ येण्याचा वेग ओळखते, विद्युतचुंबकाच्या धक्क्याने पाते खाली टाकते आणि बटण दाबून पुन्हा कामाला तयार होते. अल्टेनडॉर्फ या जर्मन कंपनीच्या यंत्रात कातडीचा स्पर्श पाहतच नाहीत, वरून कॅमेरे हात ओळखतात.

परभणीकर_श्टुटगार्ट

मूळचा परभणीचा, गेली काही वर्षे येथे यंत्रसुरक्षेच्या चाचण्यांचे काम करतो. धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते अवघड भाग तोच आहे.

"हात लागला की थांबते" हे वाक्य प्रमाणित करता येत नाही. कोणता हात, किती वेगाने आलेला, कोठे लागलेला, आणि थांबली म्हणजे किती खोल कापून थांबली, हे ठरवल्याशिवाय चाचणीच होऊ शकत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने आपल्या प्रस्तावात हे काम एका वाक्यात केले: माणसाच्या बोटाची नक्कल करणारी सळई सेकंदाला १ मीटर वेगाने पात्याच्या मध्याकडे नेली, तर तिच्यात ३.५ मि.मी. पेक्षा खोल काप पडता कामा नये. हा वेग जोरात ढकललेल्या हाताचा आहे. त्या वेगाने सळई ३.५ मिलिसेकंदांत ३.५ मि.मी. आत जाते, म्हणजे ओळख, निर्णय आणि पाते दूर करणे हे सारे तेवढ्यातच आटोपावे लागते. आयोगाने ब्रेक हवा की एअरबॅग हवी, हे लिहिले नाही. परिणाम किती हवा ते लिहिले. चांगल्या नियमाची मला तरी हीच खूण वाटते.

चाचणीत खरे बोट वापरता येत नाही, म्हणून त्या सळईची विजेची वागणूक शरीरासारखी ठेवावी लागते. प्रात्यक्षिकात सॉसेज पात्यावर ढकलतात हे अनेकांनी पाहिले असेल. ते दाखवणारा माणूस सॉसेज हाताने धरून असतो, कारण साठवण्याची ताकद मुख्यतः माणसाच्या शरीरात असते, सॉसेजमध्ये नव्हे. गॅस यांनी स्वतःचे बोटही एकदा लावून दाखवले आहे. धाडस म्हणून ते ठीक, पण एकदा यशस्वी झालेले प्रात्यक्षिक आणि प्रमाणपत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तो फरक असा की, यंत्रणा हजारो वेळा सुरू-बंद झाल्यावर, भुशाने माखल्यावर, तार सैल झाल्यावर काय करते, हे तपासावे लागते. आयएसओ १३८४९-१ या मानकात सुरक्षेच्या कार्याची विश्वासार्हता ए ते ई अशा पाच पातळ्यांत मोजतात. डी पातळीत धोकादायक बिघाडाची शक्यता तासाला दहा लाखांत एकपेक्षा कमी असावी लागते. बिघाड झालाच तर यंत्राने "मी आंधळे झालो आहे" असे सांगून सुरूच होऊ नये, ही अपेक्षा असते. सॉस्टॉप सुरू होताना ठोकळा जागेवर आहे का, पाते योग्य अंतरावर आहे का, हे तपासते, दोष असेल तर मोटर फिरत नाही, आणि बटण बंद केल्यावर पाते घरंगळत थांबते तोवरही पहारा चालू ठेवते.

युरोपात लाकडाच्या गोल करवती यंत्र निर्देश २००६/४२ च्या परिशिष्ट चारमध्ये आहेत, म्हणजे सुसंवादी (या निर्देशाला जोडून युरोपात मान्य झालेले) मानक पूर्णपणे पाळले नसेल, तर त्रयस्थ अधिसूचित संस्थेकडून तपासणी करून घ्यावीच लागते. त्याच्या जागी येणारा २०२३/१२३० हा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे आणि त्यात शिकत जाणाऱ्या, म्हणजे यंत्रशिक्षणावर चालणाऱ्या सुरक्षा घटकांवर त्रयस्थ तपासणी बंधनकारक केली आहे. वर उल्लेख झालेल्या कॅमेऱ्यांसारख्या यंत्रणांना हीच कात्री लागणार.

मांजराकाठ

परभणीकर साहेब, अगदी मनातले उत्तर मिळाले. आपण लिहिलेला ३.५ मि.मी. चा आकडा वाचून मी व्हर्नियर घेतला आणि आपल्या अंगठ्याच्या पेराशेजारी धरून पाहिला. एवढासा काप म्हणजे कारागिराचे काम काही दिवस थांबेल, पण घर चालेल. मात्र हा आकडा कोठून आला? आणि अमेरिकेत हा नियम झाला का?

हस्तचिकित्सा

नांदेडमध्ये मी हाताच्या जखमांनंतरच्या उपचारांचे काम करते, त्यामुळे प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर देते. बोटाच्या दोन्ही कडांनी चेतातंतू आणि रक्तवाहिन्या जातात आणि त्या कातडीपासून फार आत नसतात. त्या तुटल्या की सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक लागतो. त्या वाचल्या तर टाके, पट्टी आणि व्यायाम यांवर भागते. आयोगाने ३.५ मि.मी. ही मर्यादा निवडताना हाच विचार मांडला आहे की, जखम सूक्ष्मशस्त्रक्रियेशिवाय बरी व्हावी. लातूर, परभणी, हिंगोली, बीड या भागांतून अशा शस्त्रक्रियेच्या सोयीपर्यंत पोहोचायला कित्येक तास जातात, हे ध्यानात घेतले तर या मर्यादेचे मोल आपल्याला जास्तच आहे.

अवांतर एक गोष्ट, कारण ती कोणीच आधी सांगत नाही. बोट तुटलेच तर तो भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फाला थेट लागलेली पेशी मरते, आणि मग जोडायला काही उरत नाही.

परभणीकर_श्टुटगार्ट

दुसऱ्या भागाचे उत्तर लांबलचक आणि थोडे कंटाळवाणे आहे. गॅस आणि इतरांनी २००३ मध्ये आयोगाकडे अर्ज केला. पहिली औपचारिक सूचना २०११ मध्ये निघाली, प्रस्तावित नियम २०१७ मध्ये, आणि सुधारित प्रस्ताव २०२३ मध्ये. अंतिम नियम मात्र झाला नाही. तेथील कायद्यानुसार उद्योगाने स्वतः ठरवलेले मानक पुरेसे नाही, असे दाखवल्याशिवाय आयोगाला सक्तीचा नियम करता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी याच मुद्द्यावर कागद रचले गेले. वर्षाला टेबल सॉने होणाऱ्या सुमारे ३०,००० जखमा आणि त्यांतील सुमारे ४,००० बोटे तुटण्याच्या घटना आयोगाने समोर ठेवल्या. उद्योगाने किंमत वाढेल आणि एकाच कंपनीच्या पेटंटची सक्ती होईल, असे म्हटले. या आक्षेपात तथ्य होते. म्हणून २०२४ च्या सुरुवातीला सॉस्टॉपने जाहीर केले की, सक्तीचा नियम प्रत्यक्ष लागू झाला तर ते आपले ९७२४८४० क्रमांकाचे पेटंट सर्वांना खुले करतील. दरम्यान २०१० मध्ये बोस्टनच्या एका ज्युरीने अशी यंत्रणा नसलेल्या करवतीने जखमी झालेल्या कामगाराला १५ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. सॉस्टॉप २०१७ मध्ये फेस्टूलच्या मूळ जर्मन उद्योगसमूहाने विकत घेतली, आणि त्यानंतर युरोपात २३० व्होल्टवर चालणारी फेस्टूलची टीकेएस ८० ही करवत त्याच तंत्राने येते. विजेच्या दृष्टीने आपल्याकडे ती चालू शकते. खिशाच्या दृष्टीने मात्र मी काही बोलत नाही.

कायदेकानू

भारतीय बाजूबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने धोकादायक भागांना कुंपण घालणे बंधनकारक केले आणि राज्यांच्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी वेगळी अनुसूची ठेवली. तीत पात्यामागे चिरफाळा दूर ठेवणारे लोखंडी पान, वरचे झाकण आणि पट्टी ढकलण्यासाठी काठी यांचा उल्लेख होता. पण हा कायदा कामगारांच्या ठरावीक संख्येवर लागू होत असे, आणि पाच माणसांचे दुकान त्यात बसत नसे. म्हणजे जेथे धोका जास्त, तेथे निरीक्षक पोहोचतच नाही, असे आपल्याकडचे चित्र आहे.

मोबदल्याच्या हिशेबाकडे मात्र नीट पाहावे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीत बोटांची किंमत टक्क्यांत लिहिलेली होती: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे मानायचे, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, तर्जनीची दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९, आणि हाड न जाता नुसते टोक कापले गेले तर ५. करंगळी किंवा अनामिका पूर्ण गेली तरी ७ टक्केच. सुताराच्या बोटाचे मोल या कोष्टकात बसत नाही, हे सांगायला नको.

रंधा-पटाशी

कायदेकानू साहेबांनी मांडलेले कोष्टक वाचून मन खट्टू झाले. पण मूळ मुद्द्यावर बोलतो. परदेशी यंत्र घेणे आपल्याला परवडणार नाही, आणि उलट्या कटरच्या टेबलावर अशी यंत्रणा बसवताही येणार नाही, कारण तेथे दांडा अलग करायला जागाच नाही. मला तर दुसरीच भीती वाटते. यंत्र वाचवील, या भरवशावर पोरे हात पुढे नेतील. रंध्यावर काम करताना भीती असते म्हणून बोट राहते.

वाळूजकर

काका, भीतीचे म्हणणे मी अनेकदा ऐकले आहे आणि ते मला पटत नाही. मिस्त्रीच्या हातून चूक झाली ती धाडसामुळे क्वचितच होते. ती होते सायंकाळच्या सातव्या तासाला, ऑर्डर द्यायची असताना, पट्टी अरुंद झाल्यावर, पात्यामागे अडकलेली चिरफाळ काढताना. त्या वेळी भीती जागी नसते. हेल्मेट घातले म्हणून कोणी मुद्दाम ट्रकखाली जात नाही.

आणि कटरबद्दल आपण म्हणालात ते खरे आहे, पण त्यामागचा आकडा पाहा. ११० मि.मी. चे पाते मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याची कड सेकंदाला ६९ मीटर जाते. म्हणजे तो छोटा दिसणारा कटर १० इंची टेबल सॉपेक्षा जास्त वेगाने कापतो, आणि त्याच्यामागे ना चिरफाळा दूर ठेवणारे पान, ना वरचे झाकण, ना जवळचे बटण. तो हातात धरून वापरण्यासाठी बनवलेला आहे. उलटा केला की त्याचे सारे मूळचे संरक्षण उलटेच होते. कातडी ओळखणारे यंत्र नंतर पाहू, आधी तो टेबल मोडा.

चिरफाळा दूर ठेवणाऱ्या पानाला दुकानात रायव्हिंग नाइफ म्हणतात. पात्याच्या मागे, दातांपासून ८ मि.मी. पेक्षा लांब नाही, आणि पात्यासोबत वरखाली होईल असे ते बसलेले असावे. त्याची जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. कापलेली फळी मागे मिटून पात्याला चिमटा बसतो आणि ती उलटी फेकली जाते, हे ते थांबवते. हात पात्यावर जाण्याची बरीच प्रकरणे फळी उसळल्यावर घडतात, आणि ती आधीच थांबली तर यंत्राला बोट ओळखण्याची वेळच येत नाही.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. काल दुपारी कटरचा टेबल मोडला. कारागीर पट्टी बांधलेल्या हाताने पाहत होता आणि "साहेब, स्क्रू मी काढतो" म्हणत होता. त्याला मी खुर्चीवर बसवले.

फेस्टूल आत्ता घेणे जमणार नाही. रायव्हिंग नाइफ, पात्यावरचे झाकण आणि पायाजवळ मोठे लाल बटण असलेली १० इंची करवत ठरवली आहे, आणि तीत लाईट परत आल्यावर आपोआप सुरू न होणारा स्विच आहे, ज्याला विक्रेत्याने सेन्सर म्हटले होते तोच. पाते घेताना दुकानदारासमोर व्हर्नियर लावून पाहिले: अंग १.८ मि.मी., दातांची रुंदी २.८ मि.मी. सोबतच्या पानाची जाडी मोजली तर २.५ निघाली, म्हणजे वाळूजकर साहेबांच्या हिशेबात बसते. दुसऱ्या कंपनीचे बारीक पाते मात्र दातांत २.२ चेच होते. ते या पानासोबत चालणार नाही, हे दुकानदारालाच माहीत नव्हते, म्हणून त्याने ते काउंटरखाली ठेवून दिले.

वाळूजकर

अगदी बरोबर केले. २.२ च्या दातांमागे २.५ चे पान बसवले असते, तर फळी पानावरच अडली असती आणि कारागिराने वैतागून पानच काढून ठेवले असते. यंत्र आले की पहिल्या दिवशी पान आणि दात यांतील अंतर मोजून येथे लिहा, आणि पट्टी ढकलायच्या दोन काठ्या रायव्हिंग नाइफच्या शेजारी टांगून ठेवा, म्हणजे शोधावी लागणार नाही.